मुंग्यांची नोंद

मी एक जुना, चाकांवर फिरणारा संगणक आहे. ड्युसेलडॉर्फ शहरातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, मोडक्या खाटा आणि सलाईनचे वाकडे स्टँड यांच्या संगतीत सध्या माझा मुक्काम असतो. माझ्या पडद्यावर धूळ बसली आहे. एका चाकात कुणाचा तरी लांब केस गुंतून बसलाय, तो निघता निघत नाही. माझ्या डोक्यावर कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली आहेत. तुम्ही म्हणाल, संगणकाला कसली आली जीवनकथा? त्याच्या पोटात नुसते आकडे आणि तारा. खरं आहे, मित्रांनो. पण ज्याच्यासमोर माणसं रोज आपलं दुखणं घेऊन येतात, त्याच्या पोटात नुसते आकडे राहत नाहीत. तेव्हा जरा सरसावून बसा. मी सांगतो आणि तुम्ही ऐका.

माझा गाव कुठला, ते मला एका वाक्यात सांगता यायचं नाही. पडदा एका देशातला, बॅटरी दुसऱ्या देशातली, लोखंडी दांडा आणि चाकं जर्मनीतली. एका मोठ्या शेडमध्ये हे सगळे अवयव जुळवले, आत प्रोग्राम भरला आणि २०१३ साली मला या इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात आणून उभं केलं. काय तो दिवस! माझ्या दांड्याला लाल फीत बांधली होती. प्लमचा केक कापला, कॉफी झाली. इस्पितळाच्या प्रमुख बाईंनी छोटंसं भाषण केलं. म्हणाल्या, "आता कागदांचे ढीग गेले. आता आमच्या सिस्टर रुग्णाजवळ जास्त वेळ बसतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवासारखं वाटत होतं.

वॉर्डातल्या लोकांनी माझं नावही ठेवलं. डिकर. म्हणजे जाड्या. मला राग नाही आला. लाडानंच म्हणत होते.

माझी धनीण होती सिस्टर आनेग्रेट. रुंद पंजांची, मोठ्या आवाजाची, हसली की दोन्ही खांदे हलवणारी बाई. मी येण्याआधीपासून ती त्याच वॉर्डात होती. तिची काम करायची एक रीत होती. रुग्णाच्या खाटेच्या कडेला टेकायचं, त्याच्या पावलावर हात ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. बोलता बोलता ती अंगठ्याचं नख दाबून सोडायची. पांढरं पडलेलं नख परत गुलाबी होतंय का ते बघायची. बोटं हलवायला सांगायची. रुग्णाला वाटायचं, बाई गप्पिष्ट आहे. बाई मात्र काम करत असायची.

मी आल्यावर तिच्या कामात फरक पडला. चांगला फरकही पडला, ते मी लपवणार नाही. डॉक्टरांचं गिचमीड अक्षर लावत बसायची तिची सक्ती संपली. एकदा एका तरुणाला जे औषध सोसत नव्हतं, तेच चुकून लिहिलं गेलं होतं. मी पडदा लालभडक करून ओरडलो आणि औषध बदललं. त्या दिवशी आनेग्रेटने माझ्या पडद्यावर थाप मारली. "शाब्बास, डिकर!" असली थाप पडली की यंत्रालाही बरं वाटतं.

पण मग रकाने वाढत गेले. औषधवाल्यांना त्यांचा रकाना हवा, विमावाल्यांना त्यांचा, स्वच्छतावाल्यांना त्यांचा. प्रत्येकाचा रकाना रास्त, प्रत्येकाचं कारण चांगलं. रकाना भरला नाही तर त्याची चौकट लाल व्हायची आणि पान पुढे सरकायचंच नाही. त्यात माझी बॅटरी लवकर थकू लागली. मला भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवावं लागे आणि खोल्यांमधला तो प्लग होता दाराजवळ. त्यामुळे झालं असं, की आनेग्रेट दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि खाटेवरच्या माणसाला पाठमोरीच विचारायची, "दुखतंय का? जेवलात का? झोप लागली का?" उत्तर तिच्या पाठीवर येऊन आदळायचं. त्यातलं जेवढं रकान्यात बसेल तेवढं ती टिपून घ्यायची. ज्या हाताने ती नख दाबून बघायची, तो हात आता माझ्या कळांवर असायचा.

काम वेळेत उरकेना, तेव्हा सगळ्या वॉर्डांतल्या सिस्टरांनी तक्रार केली. त्यावर माझ्यात एक नवं बटण आलं. 'व्ही त्सुफोर', म्हणजे 'आधीप्रमाणेच'. ते दाबलं की मागच्या पाळीत भरलेली सगळी उत्तरं आपोआप खाली उतरायची. लाल चौकटी झटक्यात हिरव्या! आनेग्रेटने त्या दिवशी मला उडता मुका दिला होता.

असे दिवस चालले असताना, २०१६च्या जानेवारीत, वासंतीआजी आमच्या वॉर्डात आल्या.

आजी मिरजेच्या. मुलाकडे, म्हणजे गुरुदत्तकडे, थोडे दिवस राहायला आल्या होत्या. बेकरीसमोरच्या फरशीवर बर्फाचा पातळ थर होता. त्यावरून पाय सटकला आणि डाव्या घोट्याच्या वरचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली आणि पावलापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत गिप्स, म्हणजे प्लास्टर, चढलं.

आजी कीर्तनकार होत्या. साध्यासुध्या नव्हेत. नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन गादीवर उभ्या राहिल्या की चार-चार तास माणसं हलत नसत. त्यांच्या बॅगेला एक पट्टी अडकवलेली होती आणि तिच्यावर मिरजेतल्या कुणीतरी हौसेने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, एच. बी. पी. वासंती सहस्रबुद्धे. आता तुम्हाला ठाऊक आहे, ह.भ.प. म्हणजे हरिभक्तपरायण. आनेग्रेटला कुठून ठाऊक असणार? तिने पट्टी वाचली आणि गंभीर झाली. "एच. बी. पी.? आल्झो, होहर ब्लूटड्रूक, पाटिएंटिन! रक्तदाबाच्या पेशंट आहेत. हे आधी का नाही सांगितलं?" आणि तिने लगेच आजींच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

सून संध्या शेजारी होती. तिला सगळा प्रकार कळला आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो आई, तुमच्या हरिभक्तीवर गोळ्या चालू करतायत हे लोक!"

"करू देत," आजी म्हणाल्या. "पण तो आजार काही बरा व्हायचा नाही म्हणावं."

सहस्रबुद्धे हे आडनाव आनेग्रेटच्या तोंडात मावेना. ती म्हणायची, फ्राऊ साहास. आजींना तिचं जर्मन कळत नसे, पण त्यावर टीका करायला त्यांना भाषा लागत नव्हती. "ही सिस्टर मला सारखी या, या म्हणते गं," त्या सुनेला सांगत. "पाय मोडलाय माझा. येऊ कशी?" जर्मनमध्ये 'या' म्हणजे नुसतं 'हो'.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी गुरुदत्त ऑफिसातून परस्पर आला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. आईची चौकशी केली आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"आई, हा बघितलास? हा आमचा. म्हणजे डबा नाही, आतलं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं."

"तुमचं होय? मग ही बाई त्याच्याकडे तोंड करून सारखी उभी का असते? आरती करते का त्याची?"

गुरुदत्त हसला. माझ्याजवळ आला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बटण माझं. सिस्टर लोकांची कटकट होती, की तेच तेच परत भरायला लागतं. म्हटलं, एका क्लिकमध्ये करून टाकू. माझ्या मॅनेजरने सगळ्या टीमसमोर कौतुक केलं."

"शहाणा माझा तो," आजी म्हणाल्या. "दमलेल्या माणसाचे कष्ट वाचवलेस. चांगलं केलंस."

मित्रांनो, ते दोघं तेव्हा किती सुखात होते! आजही आठवलं की वाटतं, तो क्षण तिथंच थांबायला हवा होता.

चैत्रात ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात रामजन्माचं कीर्तन ठरलं होतं. आजी करणार होत्या. गावातले लोक तर येणारच होते, पण लांबून हेर्त्सोगेनआउराखहूनही काही कुटुंबं यायची होती. आजींचा सगळा जीव त्या कीर्तनात होता. खाटेवर पडल्या पडल्या त्या पदं घोळवायच्या. स्टीलची वाटी आणि चमचा यांची झांज व्हायची. शेजारच्या खाटेवरची जर्मन बाई आधी कपाळाला आठ्या घालायची, नंतर तीही बोटाने ठेका धरू लागली. मी आयुष्यात पहिल्यांदाच गाणं ऐकत होतो. भाषा येत नव्हती म्हणता? मला तर आधी कुठलीच भाषा येत नव्हती. ऐकून ऐकून येते.

नात निधी संध्याकाळी यायची. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, तोंडाने सतत जर्मन. आजी मराठीत बोलायच्या, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं झकास जमायचं. "आजी, तुला इतकं सगळं पाठ कसं राहतं?" असं तिने एकदा विचारलं.

"पाठांतर थोडं कमी पडलं तरी निभावतं," आजी म्हणाल्या. "नजर कमी पडून चालत नाही बघ. गादीवरून सगळे दिसतात. मागच्या रांगेत कुणाला जांभई आली, कुणाचा गळा दाटून आला. त्यांच्याकडे बघत बघतच आख्यान पुढं न्यायचं असतं."

निधी म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि घरून आणलेल्या डब्यातला एक लाडू उचलला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आजी जरा गप्प होत्या. वाटी-चमचा पडून होता. पायाला सकाळपासून मुंग्या आल्या होत्या आणि त्या काही केल्या जात नव्हत्या. संध्या खाली विम्याच्या कचेरीत रांगेत उभी होती. वर फक्त निधी होती. तेवढ्यात आनेग्रेट मला ढकलत आत आली. त्या दिवशी दोन सिस्टर रजेवर होत्या आणि त्यांच्याही खोल्या हिच्याच गळ्यात होत्या. तिने माझा प्लग दाराजवळ खुपसला आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "फ्राऊ साहास, सगळं ठीक?"

"निधे," आजी म्हणाल्या, "सांग गं तिला, पायाला मुंग्या आल्यात म्हणावं. सकाळपासून. जातच नाहीत मेल्या."

निधीला मराठी कळायचं. पण ते घरातलं, स्वयंपाकघरातलं, खेळातलं मराठी. मुंग्या तिला ठाऊक होत्या. लाडवांच्या डब्याला लागतात त्या. तिने पांघरुणाकडे बघितलं, जरा मागं सरकली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आजी म्हणते, तिच्या पायाशी आमाइझन आहेत. सकाळपासून आहेत आणि जात नाहीत."

"मुंग्या? जानेवारीत?" आनेग्रेट म्हणाली. "आख गोट! एवढंच राहिलं होतं."

तिची मान वर झाली नाही. तिने माझ्यावर स्वच्छतेचं पान उघडलं. तिथे 'किडे, कीटक' असा एक रकाना होता. त्यात खूण केली. पान हिरवं झालं. मग आजींच्या तब्येतीचं पान आलं. पावलाचा रंग, बोटांची हालचाल, स्पर्श कळतो का, अशा लाल चौकटींची रांग. बाहेर कुणीतरी घंटा वाजवत होतं. आनेग्रेटने बटण दाबलं. आधीप्रमाणेच.

मी ते लिहून घेतलं. माझ्यात जे लिहिलं जातं ते मी जपून ठेवतो, मला त्याहून वेगळं काही येत नाही. खाट माझ्यापासून दोन पावलांवर होती. मला हात असते तर!

लगेच एक सफाईवाला आला. त्याने चादर झटकली, उशीखाली बघितलं आणि त्याला लाडवाचा चुरा सापडला. झालं! चोर हाती लागला. लाडवांचा डबा कपाटात बंद झाला आणि खाट औषधी पाण्याने पुसून निघाली. आजी हे सगळं तोंडाला पदर लावून बघत होत्या. "मुंग्या माझ्या पायात, आणि हा झटकतोय चादर!" त्यांना वाटलं, इथली हीच रीत असेल. निधीला वाटलं, काम झालं. ती इवलीशी पोर, तिचा यात रेसभरही दोष नाही. हे मी एकदा नाही, दहादा सांगेन.

संध्या वर आली तेव्हा आजींनी तिला काही सांगितलं नाही. दिवसभर ऑफिस, मग रांग, मग घरचं. सुनेचं तोंड उतरलेलं होतं. "तुम्हाला काही होतंय का?" असं तिने विचारलं, तर "छे गं, मस्त आहे मी," म्हणाल्या. पुढच्या पाळीत दुसरी सिस्टर आली. आधीप्रमाणेच. तिसरी आली. आधीप्रमाणेच.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी सुनेला हसत हसत सांगितलं, "संध्या, त्या मुंग्या गेल्या बाई एकदाच्या! काल फार सतावलं होतं त्यांनी. आता पाय कसा शांत आहे."

"बरं झालं, आई," संध्या म्हणाली.

कुठल्याही घरात असंच म्हणतात. मुंग्या गेल्या, बरं झालं. पण मित्रांनो, मुंग्या दोन रस्त्यांनी जातात. पाय मोकळा झाला तर जातात. नाहीतर पायातली जाणीवच निघून जाते, मग मुंग्या तरी कुणाला चावणार?

त्याच संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. गुरुदत्तही होता. डॉक्टर खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "बोटं वर करा बघू."

गुरुदत्तने आईला सांगितलं. आजींनी ओठ आवळले. उजव्या पायाची बोटं झर्रकन वर झाली. डाव्या पायाची तशीच पडून राहिली.

"करतेय की रे," आजी म्हणाल्या. "होत नाहीत का?"

डॉक्टरांनी करवत मागवली आणि प्लास्टर कापलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे एक नस कातडीच्या अगदी खालून जाते, तिथे प्लास्टरची कडा रुतून लाल खड्डा पडला होता. डॉक्टर माझ्याकडे आले. पडदा खाली, अजून खाली सरकवत त्यांनी वाचलं. स्पर्श उत्तम. हालचाल उत्तम. आधीप्रमाणेच. आधीप्रमाणेच. आधीप्रमाणेच.

"बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

आनेग्रेट दारात उभी होती. "काही नाही," ती म्हणाली. "फक्त काल मुंग्यांची तक्रार होती. खाटेत मुंग्या..." आणि ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

कारण जर्मन लोकही तसंच म्हणतात, मित्रांनो. अगदी तुमच्यासारखंच. तिची ओमा, म्हणजे आजी, गाई पिळायला बसायची आणि उठताना पाय झटकत म्हणायची, पायात आमाइझन धावतायत. हे आनेग्रेटने लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं. म्हणजे मराठी आणि जर्मन यांच्यामध्ये इथं काही सांडलंच नव्हतं. निधीने बरोबर शब्द दिला होता. आनेग्रेटने एकदा वळून बघितलं असतं, पायाकडे गेलेला आजींचा हात बघितला असता, तर तिला दुभाष्याचीसुद्धा गरज नव्हती.

गुरुदत्त माझ्यासमोर उभा होता. त्याचं बोट पडद्याच्या त्याच कोपऱ्याशी गेलं आणि तिथून मागं आलं. तो खूप हळू म्हणाला, "आई, हे बटण..."

आजींनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "ते राहू दे रे. तू मला एवढंच सांग, चैत्रापर्यंत मला उभं राहता येईल ना?"

तो खाली वाकून कापलेल्या प्लास्टरचे तुकडे गोळा करू लागला.

त्यानंतर आनेग्रेटने एक केलं. ती मला खोलीच्या दाराबाहेर उभं करू लागली. रिकाम्या हातांनी आत जायची, पूर्वीसारखी खाटेच्या कडेला टेकायची, नख दाबून बघायची. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते पुढचं. रकाने काही कमी झाले नव्हते. आत बसून काढलेला सगळा वेळ तिला पाळी संपल्यावर माझ्यासमोर उभं राहून भरून द्यावा लागे. बाकीच्या सिस्टर कोट घालून घरी जायच्या आणि ही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत चौकटी हिरव्या करत राहायची. तिचं ते खांदे हलवत हसणं कमी झालं. पुढे तिने अर्ध्या दिवसाचंच काम मागून घेतलं.

गुरुदत्तनेही त्याच्या ऑफिसात बटण काढायची खटपट केली. त्याने आनेग्रेटला येऊन सांगितलं, "मीटिंग झाली. इस्पितळंच नको म्हणतायत. रकाने आहेत तोवर बटण पाहिजेच, म्हणतात." तिने मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं. मीही दाबतेच की, दुसरं काय करू?" ज्याने रकाने मागितले तो वाईट नव्हता. ज्याने बटण दिलं तो तर मायेचा होता. जिने दाबलं तिच्यासारखी सिस्टर मिळणार नाही. आणि तरी त्या सगळ्यांच्या मध्ये एका म्हातारीचं पाऊल लुळं पडलं.

दरम्यान मीही म्हातारा झालो. हातात मावणाऱ्या चपट्या पाट्या आल्या, माझा आवाजही फार होतो म्हणाले. वसंत सरता सरता मला खाली न्यायचं ठरलं. वॉर्डातले माझे शेवटचे दिवस होते तेव्हा आजी एकदा परत आल्या. नसेची तपासणी होती. व्हिसाची वाढवलेली मुदत संपत आली होती आणि त्या मिरजेला परत निघाल्या होत्या. डाव्या पायात प्लास्टिकचा आधार, हातात काठी. चालताना पाऊल फरशीवर घासत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता आहे हे असंच राहील.

आजी आनेग्रेटसाठी लाडू घेऊन आल्या होत्या. "ह्याला मुंग्या नाहीत म्हणावं," त्यांनी संध्याला सांगायला लावलं. आनेग्रेट हसायला गेली आणि रडली. मग तिने विचारलं, "आणि ते गाण्याचं प्रवचन? झालं का?"

संध्याने सांगितलं ते असं. मंडळाने गादी मांडली होती, पेटीवाला आणला होता आणि आजींसाठी मऊ खुर्ची ठेवली होती. सगळे म्हणाले, बसून करा, कोण काय म्हणणार आहे? आजी म्हणाल्या, "नारदाच्या गादीवर खुर्ची नाही मांडत बाबांनो. तिथं उभंच राहायचं असतं." त्या उठल्या. काठी टाकून उभ्या राहिल्या, नमन सुरू केलं आणि पायाने ठेका धरायला गेल्या. डावं पाऊल उचललंच नाही. त्या तिथंच थांबल्या, लोकांना हात जोडले आणि खाली येऊन श्रोत्यांत बसल्या. मग पेटीवाल्याने दोन पदं म्हटली आणि सुंठवडा वाटला.

आनेग्रेट माझ्यासमोर उभी होती, आजींच्या तपासणीची नोंद अजून करायची होती. पडद्यावर चौकटी लाल होत्या. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

निघायची वेळ झाली. आजी खुर्चीत बसल्या होत्या आणि काठी शोधत संध्याशी बोलत होत्या, विमानात खायला काय न्यायचं ते. निधी पुढे झाली. आजीला नमस्कार करायचा म्हणून ती वाकली आणि तिने आपलं डोकं डाव्या पावलावर ठेवलं.

आजी बोलतच राहिल्या. "तिखट पुऱ्या कर, बास झाल्या..."

त्यांना कळलंच नव्हतं. पोर पावलावर डोकं टेकून आशीर्वादाची वाट बघत होती आणि पावलाला त्याची खबर नव्हती.

आनेग्रेट माझ्यापासून निघाली. आजींजवळ गेली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि खाली बोट दाखवलं. "फ्राऊ साहास," ती म्हणाली, "निधी."

आजींनी खाली बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मग त्यांचा हात नातीच्या वेण्यांवर गेला. "अगं माझ्या बाळे, केव्हापासून वाकलीयस? मला कळलंच नाही गं. उठ, सुखी राहा." निधी उठली. आजीला बिलगली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला पुसलं नाही, वापरलं नाही, खोक्यांखाली गाडलं, तरी माझी तक्रार नाही. माझ्यासारखी यंत्रं तुम्हाला आयुष्यभर लागतील, ती नीट वापरा, त्यांच्याकडून काम करून घ्या. पण तुमच्या पाठीमागून कुणी म्हणालं, मला काहीतरी होतंय, तर बोट जिथं असेल तिथंच राहू द्या आणि आधी वळा. त्या माणसाचं तोंड बघा. त्याचा हात कुठं गेलाय ते बघा. चौकटी थोडा वेळ लाल राहिल्या तर राहू देत. त्यांना काही दुखत नाही.